ग्लुकोजची बाटली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदिरानगर, बंगळूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून केवळ बी.ए. झालेल्या एका लेखाधिकाऱ्याने वैद्यकीय विषयावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. समोरच्या दुसऱ्या रांगेत आपल्या मंडळाची डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर तर ते आम्हांस येथून स्पष्ट दिसते आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, आम्ही येथे वैद्यक शिकवावयास उभे नाही. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आमची तीस वर्षे गेली. कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची हजारो बिले आमच्या मेजावरून गेली आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक बिलावर एक नोंद हटकून असे : शिरेवाटे दिलेला द्रव, इतक्या बाटल्या, इतके रुपये. त्या बाटल्यांची संख्या आम्ही तपासली, दर तपासला, बेरीज तपासली. बाटलीत काय होते, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. ते विचारण्याची पाळी आमच्यावर ज्या दिवशी आली, त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. आजचे भाषण त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

२०१७ च्या ऑगस्टातली गोष्ट. आमचे वडील मिरजेहून राणी चन्नम्मा गाडीने आमच्याकडे, येथे इंदिरानगरात, आले होते. वय ८१. प्रकृती काटक, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी एक गोळी रोज सकाळी, एवढाच काय तो औषधाचा संबंध. आल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांस जुलाब लागले. अन्नावरची वासना उडाली. नुसते पाणी तेवढे पीत होते. तिसऱ्या दिवशी ते भिंतीला धरून चालू लागले, तेव्हा आमचा धीर सुटला. जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये आम्ही त्यांस नेले. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "तोंडाने घेता येते आहे, उलटी नाही; क्षारयुक्त पाणी पाजा, उद्या रक्त तपासू." आम्हांस ते पटले नाही. वडील मिरजेचे, म्हणजे ज्या गावाला साऱ्या दक्षिण महाराष्ट्रातून लोक उपचारासाठी येतात त्या गावचे. त्यांस आम्ही बंगळुरासारख्या शहरी आणून मीठ-साखरेचे पाणी पाजणार? बहिणीचा फोन आला, तिनेही विचारले, "बाटली लावली का?" आम्ही डॉक्टरांना जवळजवळ हुकूमच केला की, निदान ग्लुकोज तरी लावा. आमच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली. दीड दिवसात तीन बाटल्या गेल्या. प्रत्येक बाटली संपली की आम्हांस वाटे, अंगात तेवढी शक्ती गेली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी वडिलांनी आम्हांस विचारले, "मिरज जंक्शन गेले का?" आम्ही हसलो. रात्री त्यांनी आमच्या सौभाग्यवतीस ओळखले नाही. पहाटे ते जागे होईनात. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणता द्रव दिला होता?" आम्ही म्हटले, "सलाईन." ते म्हणाले, "सलाईन की ग्लुकोज?" आम्ही म्हटले, "ग्लुकोजचे सलाईन." ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. नर्सिंग होमच्या कागदावर केवळ 'आय.व्ही. फ्लुइड्स' एवढेच लिहिले होते. 'इतर किरकोळ खर्च' असे मोघम लिहिलेले बिल आम्ही आयुष्यभर शेरा मारून परत पाठविले, आणि आमच्या जन्मदात्याच्या शिरेत काय गेले त्याचा तपशील मात्र आमच्यापाशी नव्हता. अखेर दूरध्वनी करून विचारले तेव्हा कळले की, तीनही बाटल्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे निव्वळ ग्लुकोजच्या होत्या. तोवर रक्ताचा अहवाल आला. रक्तातील सोडियम १३५ ते १४५ असावयास हवे, ते ११८ होते.

हे कसे घडले, ते आम्हांस पुढे तेथील डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजाविले. ज्यांस ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी.

शिरेत साधे शुद्ध पाणी सोडता येत नाही. तांबड्या रक्तपेशी ते पाणी शोषून फुटतात. म्हणून पाण्यात असे काही विरघळवावे लागते की ते रक्ताइतकेच दाट भासेल. शंभर भाग पाण्यात पाच भाग ग्लुकोज घातले की ते साधते. म्हणजे या बाटलीतील ग्लुकोज हे मुख्यतः पाण्याचे वाहन आहे. शरीरात शिरल्यावर ग्लुकोज जळून जाते आणि मागे उरते ते केवळ पाणी. माणूस आजारी असला, वयस्क असला, वर लघवी वाढविणारी गोळी घेत असला, तर शरीर ते पाणी बाहेर टाकू शकत नाही. जुलाबावाटे मीठ आधीच गेलेले. उरल्यासुरल्या मिठात आणखी पाणी. रक्त पातळ होते, पाणी पेशींत शिरते, पेशी फुगतात. हातापायांच्या पेशी फुगल्या तर फारसे बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या हाडात बंदिस्त आहे, त्याला फुगावयास जागा नाही. वडिलांचे मिरज जंक्शन तेथून आले होते.

त्यावरचा उपायही तितकाच नाजूक. मिठाचे दाट द्रावण थेंबाथेंबाने देऊन सोडियम वर आणावे लागते आणि चोवीस तासांत आठ-दहा अंकांहून अधिक चढू देत नाहीत. घाई केली तर मेंदूला उलट दिशेने कायमची इजा होते. तिसऱ्या दिवशी वडिलांनी आमच्या सौभाग्यवतीस नावाने हाक मारली. आम्ही जिन्यात जाऊन रडलो, हे येथे कबूल करण्यास हरकत नाही.

आता शक्तीचा हिशेब पाहू. हा आमच्या प्रांतातला विषय. अर्धा लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत ग्लुकोज असते २५ ग्रॅम. म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. त्यातून मिळणारी उष्णता शंभर कॅलरींच्या आतबाहेर. ज्वारीची एक भाकरी त्याच्या दुप्पट देते, आणि तिच्यासाठी सुई टोचून घ्यावी लागत नाही. तीन बाटल्यांनी आम्ही वडिलांना दीड भाकरीची शक्ती दिली आणि दीड लिटर बिनमिठाचे पाणी दिले.

मग ही समजूत आली कोठून? आमच्या मते याचा काही दोष आपल्या भाषेचाही आहे. 'सलाईन' हा मूळचा मिठाचा शब्द. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. परंतु मराठीत शिरेवाटे जे जे चढते ते सारे सलाईन झाले, आणि 'ग्लुकोजचे सलाईन' असा, गोड मीठ म्हणावे तसा, प्रयोग आपण सर्रास करतो. येथील आमचे कन्नड शेजारी सगळ्यालाच 'ड्रिप्स' म्हणतात, म्हणजे घोटाळा त्यांच्याकडेही आहेच. शिवाय ग्लुकोज या शब्दाला आपल्याकडे लहानपणापासून एक वलय आहे. विलेपार्ल्याच्या बिस्किटाच्या नावातील 'जी' हा मूळचा ग्लुकोजचा. उन्हातून आलेल्या पाहुण्यास ग्लुकोजचे सरबत. मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याच्या हाती ग्लुकोजची पूड. मुखावाटे इतका गुणी असलेला पदार्थ शिरेवाटे दिला तर शतपटीने गुण देईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. शेतातून थकून आलेला माणूस स्वतःहून दवाखान्यात जाऊन "एक बाटली लावा" म्हणतो आणि उताणा पडून ती संपेपर्यंत छताकडे पाहतो. त्यास बरे वाटते, यात शंका नाही. तासभर स्वस्थ पडावयास मिळाले तर कोणासही बरे वाटेल.

म्हणजे ग्लुकोजची बाटली वाईट, असा अर्थ कोणी घेऊ नये. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध झाला, तर शिरेवाटे दिलेले दाट ग्लुकोज त्यास काही मिनिटांत उठवून बसविते. आमच्या मित्राच्या बाबतीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर कोंबू नये, ती श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. मात्र एक ध्यानी ठेवावे : साखर उतरविणाऱ्या काही गोळ्यांचा अंमल दीर्घकाळ टिकतो, रुग्ण उठून बसला, हसला, चहा मागू लागला, म्हणून त्यास लगेच घरी आणू नये. ग्लुकोजचा प्रभाव ओसरतो आणि गोळीचा उरतो, तेव्हा साखर पुन्हा उतरते. हे दाट ग्लुकोज, पंचवीस किंवा पन्नास टक्क्यांचे, शिरेला झोंबते आणि शिरेबाहेर पाझरले तर आसपासचे मांस नासवू शकते. म्हणून सुईच्या जागी जळजळते आहे, सुजले आहे, असे रुग्ण म्हणाला तर "थोडे सहन करा" असे न म्हणता परिचारिकेस त्वरित बोलवावे. दीर्घकाळ उपाशी असलेल्यास अथवा पुष्कळ दिवस मद्यपान केलेल्यास ग्लुकोज देण्यापूर्वी किंवा त्यासोबत ब-१ जीवनसत्त्व देतात; ते न देता नुसती साखर दिली तर मेंदूस इजा होण्याचा संभव असतो. लहान मुलांचे तर अधिकच जपावे लागते. ब्रिटनमध्ये २००७ साली तेथील रुग्णसुरक्षा संस्थेने चार टक्के ग्लुकोज आणि अत्यल्प मीठ असलेला द्रव मुलांच्या साधारण कक्षांतून काढून घ्यावयास सांगितले. कारण तेच, आमच्या वडिलांचे.

मोठ्या रुग्णालयातील त्या नऊ दिवसांत रात्री उशाशी आम्ही बसत असू. हाताला काम नव्हते, म्हणून सवयीने वाचू लागलो. बाटलीवरचे वेष्टन वाचले, नळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली, आणि पाळीवर असलेल्या सिस्टरना विचारीत गेलो. त्यांतील एक उडुपीकडच्या होत्या, दुसऱ्या केरळच्या. दोघींनीही न कंटाळता सांगितले.

बाटलीवर अक्षरे असतात. 'डी-५' म्हणजे पाच टक्के ग्लुकोज. 'एन.एस.' म्हणजे मिठाचे पाणी, अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ. 'डी.एन.एस.' म्हणजे दोन्ही एकत्र. 'आर.एल.' म्हणजे अनेक क्षार असलेला रिंगर लॅक्टेट. या चार बाटल्या दुरून एकसारख्या दिसतात आणि चौघींचे काम निरनिराळे. मधुमेही रुग्णाच्या उशाशी 'डी' या अक्षराने सुरू होणारी बाटली दिसली तर विचारावे. ती देण्याचे सबळ कारण असू शकते, कित्येकदा त्यात इन्सुलिन घातलेले असते, पण विचारावे. आणि साखर तपासण्यासाठी रक्त घ्यावयास कोणी आले, तर ते ग्लुकोज चालू असलेल्या हातातून घेऊ नये. त्या हातात बाटलीतलेच ग्लुकोज मिसळून साखर भरमसाट वाढलेली दिसते, आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन टोचले तर खरी साखर तळाला जाते. रक्त चढविताना त्याच नळीतून ग्लुकोज जाऊ देत नाहीत, हेही त्या सिस्टरनीच सांगितले; तांबड्या पेशी त्यात चिकटतात आणि फुटतात.

थेंबांचा हिशेब आम्हांस फार आवडला. साध्या नळीत बहुधा वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. नक्की आकडा नळीच्या पाकिटावर छापलेला असतो. अर्धा लिटर आठ तासांत द्यावयाचा असेल तर मिनिटाला एकवीस थेंब. मुलांच्या बारीक नळीत साठ थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणून तेथे मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मिलिलिटर, गुणाकारच नको. हातातील घड्याळ पाहून एक मिनिट थेंब मोजणे कोणासही जमेल. जे करू नये ते मात्र आपण सारे करतो : बाटली जेवणाआधी संपावी, अथवा घरी सोडण्याची वेळ झाली, म्हणून नळीवरची चक्री आपल्या हाताने सैल करतो. आम्हीही ती केली होती, त्या नर्सिंग होममध्ये, तिसऱ्या बाटलीच्या वेळी. त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असते तर वेगाने गेलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. चक्रीला हात लावण्याचा अधिकार उशाशी बसणाऱ्याचा नाही.

आणखी एक प्रकार आपल्या देशात पुष्कळ दिसतो. प्लॅस्टिकच्या बाटलीतून द्रव नीट उतरेना की तिच्या वरच्या भागास सुई टोचून हवा आत घेतात. द्रव झरझर उतरू लागतो, परंतु त्या भोकातून खोलीतील हवा, धूळ आणि जंतू आत जातात. हवा घ्यावयाचीच तर गाळणी असलेल्या मार्गाने. असे टोचताना कोणी दिसले तर नम्रपणे हरकत घ्यावी. बाटली उजेडाकडे धरून पाहावी; तंतू, कण, गढूळपणा, बुरशीचा पुंजका, पिशवी दाबल्यावर पाझरणारा थेंब, यांतले काहीही दिसले तर ती बाटली लावू देऊ नये, आणि फेकूही देऊ नये. बॅच क्रमांक लिहून घ्यावा. अर्धी उरलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

तथापि उजेडात स्वच्छ दिसलेली बाटली निर्जंतुक असतेच असे नाही. एका मिलिलिटरात दहा लक्ष जंतू असले तरी द्रव डोळ्यांस नितळ दिसू शकतो. हे जगाला शिकविले ते ग्लुकोजनेच. १९७०-७१ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत रुग्णांच्या रक्तात एकाच जातीचे जंतू सापडू लागले. शोध घेता घेता तो शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाच्या बाटल्यांच्या झाकणांपर्यंत पोचला. झाकणाच्या आतील अस्तरात जंतू होते, आणि पाच टक्के ग्लुकोजमध्ये ते खोलीच्या साध्या उष्णतेवर सुखाने वाढत होते. पुढल्याच वर्षी, १९७२ च्या मार्चात, इंग्लंडातील प्लिमथ येथील डेव्हनपोर्ट रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण ग्लुकोज चढविल्यावर कोसळले, काही दगावले. चौकशीत निघाले ते असे : कारखान्यात वाफेने बाटल्या निर्जंतुक करावयाच्या पेटीत हवा अडकून राहिली होती आणि खालच्या बाटल्यांस पुरेशी उष्णता लागलीच नव्हती. उष्णता नोंदविणाऱ्या यंत्राची सुई वर चढली नव्हती. चालविणाऱ्यास वाटले, सुईच बिघडली असेल. दुसरी तबकडी बरोबर दाखविते आहे ना!

बंधुभगिनींनो, आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला, कारण ही चूक वैद्यकाची नाही. ही आमच्या खात्यातली चूक आहे. दोन नोंदी जुळत नाहीत, त्यांतली सोयीची खरी मानावयाची आणि गैरसोयीची 'लेखनप्रमाद' म्हणून सोडून द्यावयाची, हे कोणत्याही कचेरीत रोज घडते. फरक एवढाच की, तेथे हिशेब चुकतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे, आणि आमच्या पिढीस ते विसरणे शक्य नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मेंदूवरचा व डोळ्यावरचा दाब उतरविण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले. आम्ही तेव्हा सांगलीत शिकत होतो. वसतिगृहात एकच वर्तमानपत्र येई आणि त्या दिवसांत त्यासाठी रांग लागे. तो द्रव शिरेवाटे दिलेला नव्हता, तोंडाने दिलेला होता. परंतु धडा तोच. औषधी ग्लिसरॉलच्या नावाखाली जे आले त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते, ज्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत आणि परवान्यापासून मंत्रालयापर्यंत साऱ्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. निविदा, मंजुरी, चाचणी, पुरवठा. कागद प्रत्येक ठिकाणी होता, आणि तो वाचावयाचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपविले होते.

आणि आपण आज ज्या राज्यात राहतो तेथे? २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या पाच बाळंतिणी गेल्या. संशय गेला तो रिंगर लॅक्टेटच्या बाटल्यांवर. त्या पुरवठादाराच्या काही बॅचेस राज्याच्या प्रयोगशाळेने आधी नापास ठरविल्या होत्या आणि केंद्रीय प्रयोगशाळेत त्यांतील काही उत्तीर्ण ठरल्या होत्या. पुन्हा दोन तबकड्या. आम्ही स्वतः केंद्र सरकारचे नोकर आहोत. अधिक बोलणे आम्हांस शोभणार नाही, आणि गप्प बसणेही शोभत नाही. त्या पाच घरांत आज आईवाचून मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणीही बाटली उजेडाकडे धरून पाहिली असती तरी काही दिसले नसते.

म्हणूनच पहिला प्रश्न हा की, बाटलीची गरज आहे का? तोंडाने घेता येते, उलटी नाही, शुद्ध आहे, अशा रुग्णास आतड्यासारखा निर्धोक मार्ग नाही. आणि येथे ग्लुकोजची खरी थोरवी आम्हांस सांगावयाची आहे. आतड्यातील पेशी ग्लुकोजचा कण आत घेताना त्याच्यासोबत मिठाचा कणही ओढून घेतात, आणि मिठामागे पाणी जाते. पटकीसारख्या भयंकर जुलाबातही हा दरवाजा बंद होत नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित आले. सीमेवरच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेवाटे द्यावयाचा द्रव संपत आला. तेव्हा डॉक्टर दिलीप महलनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटले. नातेवाइकांनीच ते रुग्णांस पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. २०२२ साली ते कोलकात्यास निवर्तले. आपण ज्यास जलसंजीवनी म्हणतो ती हीच. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ दोन पूर्णांक सहा दशांश ग्रॅम, शिवाय पोटॅशियम व सायट्रेट. पुडी नसेल तर लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मात्र पुडी घेताना वाचून घ्यावी. गोड सरबते 'ओ.आर.एस.' हे नाव लावून विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली, तरी दुकानातल्या फळीवर विश्वास न ठेवता मागची बारीक अक्षरे पाहावीत.

त्या तरुण डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आम्हांस हेच सांगितले होते. वडील बरे झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. भांडावयास आलो असे त्यांस वाटले असावे. ते उठून उभे राहिले. आम्ही म्हटले, "आपले ऐकले नाही, चूक आमची." ते म्हणाले, "चूक माझीही. मी द्यावयास नको होते, आणि दिले तर हे द्यावयास नको होते." त्यांनी पुढे कागदावर बाटलीचे पूर्ण नाव लिहिण्याची पद्धत पाडली, असे आम्हांस नंतर कळले.

गावापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण निराळी आहे. गावाकडे उशाशी बसावयास आत्या असते, मामा असतो, गल्लीतला कंपाउंडर असतो. येथे आपण दोघे आणि कचेरीची रजा. भाषा येत नाही म्हणून विचारावयाचा संकोच, आणि फोनवर गावाकडून येणारा प्रत्येक आवाज विचारणार, "बाटली लावली का?" त्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे म्हणून आपण बाटली लावून घेतो. आमच्या सौभाग्यवतींनी महिला शाखेसाठी एक लहानसे कार्ड केले आहे, त्यावर ती चार अक्षरे, थेंबांचा हिशेब आणि "इदु याव ड्रिप्स?" एवढे एक कानडी वाक्य आहे. बाहेर चहाच्या मेजावर ती कार्डे ठेवली आहेत.

वडील पुढे आणखी चार वर्षे मिरजेस होते. आजारी पडले की शेजारी बाटलीचा आग्रह करीत. ते म्हणत, "आधी पेज आणा, मग बघू."

दुसऱ्या रांगेतील डॉक्टर मंडळींना आमची प्रार्थना आहे की, आमचे जेथे चुकले असेल ते त्यांनी आताच उभे राहून सांगावे. सचिवांनी त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत.